दुसऱ्या पेटीची जाहिरात

छोट्या उद्योगाने ऑनलाइन प्रसिद्धी कशी करावी, याबद्दल मिळणारा सल्ला बहुतेक सगळा पहिल्या विक्रीविषयी असतो. रील किती सेकंदांचं असावं, पोस्ट किती वाजता टाकावी, कोणत्या सणाला किती सूट द्यावी, फॉलोअर कसे वाढवावेत. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यातलं पुष्कळसं खरंही असतं. पण कोकणातल्या छोट्या आंबा बागायतदारांचा माल मुंबई-पुण्यातल्या घरांपर्यंत थेट पोचावा म्हणून मजकूर लिहिणं, फोटो काढून घेणं, दरपत्रक लावणं, मेसेजना उत्तरं देणं आणि तक्रारी निस्तरणं हे काम करत असताना माझं मत हळूहळू वेगळ्या बाजूला झुकत गेलं आहे. ज्याचा माल मोजका आहे, त्याच्या ऑनलाइन प्रसिद्धीचं खरं काम पहिली पेटी विकून झाल्यावर सुरू होतं. दुसरी पेटी, म्हणजे त्याच घराने त्याच हंगामात किंवा पुढच्या वर्षी पुन्हा मागवलेली पेटी, हीच त्या प्रसिद्धीची कसोटी. पैसा, वेळ आणि डोकं यांतला मोठा वाटा तिच्यासाठी राखून ठेवायला हवा. हे मी हापूसच्या आधाराने मांडणार आहे, कारण हापूसच्या व्यवहारात या प्रश्नाच्या जवळजवळ सगळ्या बाजू उघड्या पडतात.

हापूस ऑनलाइन मागवणारं घर नेमकं काय विकत घेतं, ते आधी पाहू. ते पिकलेला आंबा विकत घेत नाही. फळ झाडावर तयार होतं, पण पिकायच्या आधीच काढलं जातं. झेल्याने, देठ राखून, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळे डाग पडतात. मग वजनाप्रमाणे निवड, पेटीत पेंढा आणि रात्रीची गाडी. दारात येतं ते हिरवं, टणक फळ. ते पिकायला आठवडा, कधी दहा दिवस लागतात आणि ते पिकतं गिऱ्हाइकाच्या घरात, विक्रेत्याच्या नजरेआड. पैसे मात्र आधीच चुकते झालेले असतात. त्यात हापूसला साका धरतो. बाहेरून फळ देखणं, वासाला उत्तम. कापल्यावर मात्र कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा, आंबट लागणारा गर निघतो. जमिनीची धग, जास्त दिवस झाडावर राहिलेलं फळ अशी कारणं सांगितली जातात, पण साका धरलेलं फळ न कापता ओळखण्याची सोय साध्या बागायतदाराकडे नाही. म्हणजे अगदी सचोटीच्या माणसाच्या पेटीतही दोन-चार फळं वाईट निघू शकतात आणि लबाडाच्या पेटीचा फोटो निर्दोष असू शकतो. ज्या मालाचा दर्जा चित्रात दिसतच नाही, त्याची प्रसिद्धी निव्वळ चित्रांच्या जोरावर फार लांब जात नाही.

नावाचंही तसंच आहे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाचा त्या नावावरचा हक्क मान्य झाला. तरीही परप्रांतातला आंबा देवगडच्या किंवा रत्नागिरीच्या खोक्यात भरून विकल्याच्या तक्रारी दर हंगामात होतात. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामात फळावर खास क्रमांकाचं स्टिकर लावण्याची पद्धत आणली ती यासाठीच. असे उपाय हवेतच. पण स्टिकर फळाचा गाव सांगतं. ते कोणत्या दिवशी काढलं, अढीत कसं ठेवलं, हे सांगत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, ठरावीक मर्यादेत इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे, आणि दोन्हींतला फरक घरच्या माणसाला नुसत्या नजरेने कळत नाही. अशा स्थितीत प्रत्येक जाहिरात तेच शब्द उचलते: अस्सल, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, रसायनमुक्त, थेट बागेतून. खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा, दोघांची वाक्यं अक्षरशः एकच होतात. मग वाचणाऱ्याने फरक कशावरून करायचा? तो करतो किमतीवरून, नाहीतर ओळखीवरून. शेजारणीने गेल्या वर्षी मागवलेली पेटी चांगली निघाली होती, हा पुरावा त्याला कोणत्याही विशेषणापेक्षा मोठा वाटतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. कोऱ्या मजकुरातून विश्वास बसत नाही. तो आधीच्या व्यवहारातून येतो आणि ऑनलाइन मजकूर त्याला फार तर पुढे वाहून नेतो.

आता थोडं गणित. समजा, एका बागेतून थेट गिऱ्हाइकाला द्यावी अशी, निवडलेल्या फळाची पाचशे पेटी निघते. बाकीचं लहान, डागी फळ कॅनिंगला नाहीतर बाजारात जातं. मध्यमवर्गीय घर एका हंगामात दोन पेट्या घेतं, असं धरलं तर या बागायतदाराला अडीचशे घरं पुरतात. अडीचशे. एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त बिऱ्हाडं राहतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात. म्हणजे त्याचा सगळा धंदा एका यादीत मावतो. त्या यादीची एक अट फार बोलकी आहे. तुमचा मेसेज त्यालाच पोचतो, ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला आहे. लोक कुणाचा नंबर जतन करतात? ज्याच्याशी पुन्हा काम पडेल असं वाटतं त्याचा. ‘आंबेवाले, राजापूर’ अशा नावाने एखाद्या काकूंनी नंबर ठेवला असेल, तर त्या एका नोंदीचं मोल पानावरच्या शेकडो लाइक्सपेक्षा जास्त आहे, कारण पुढल्या मार्चमध्ये तीच नोंद कामाला येणार असते. तरीही अडीचशे घरांची गरज असलेला माणूस पन्नास हजार लोकांपर्यंत पोचण्यासाठी पैसे मोजतो, आणि त्यातले बहुसंख्य लोक अशा शहरांत राहतात जिथे त्याची पेटी धड पोचूच शकत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: एका रीलमुळे रातोरात नावारूपाला आलेले उद्योग आपण सगळे पाहतो. मग छोट्याने छोटंच राहावं, असं का सांगता? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. साबण, मसाला, पिशव्या, शिवलेले कपडे अशा वस्तूंना अचानक आलेली मागणी वरदान ठरू शकते, कारण आणखी माणसं लावून, आणखी कच्चा माल आणून त्या जास्त बनवता येतात. तिथेही दर्जा टिकवणं अवघडच, पण निदान वाट असते. आंब्याला तीही वाट नाही. मोहोर डिसेंबर-जानेवारीत आला तेवढाच. कलमं एप्रिलमध्ये वाढवता येत नाहीत. पाचशे पेटीच्या बागायतदाराकडे दोन हजार पेट्यांची मागणी आली, की त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात. पंधराशे पेट्यांना नाही म्हणायचं, किंवा बाहेरून फळ घेऊन आपल्या नावाच्या खोक्यात भरायचं. पहिला रस्ता अवघड आहे, कारण पैसे समोर दिसत असतात आणि बँकेचा, खताचा, फवारणीचा हिशेब डोक्यावर असतो. दुसरा सोपा आहे, आणि मिसळीचा धंदा पुष्कळदा इथूनच सुरू होतो. सगळीच मिसळ मुळात फसवण्याच्या इराद्याने होते, असं मला वाटत नाही. पेलवणार नाही एवढी मागणी ओढून घेतली, की सरळ माणूसही तिकडे ढकलला जातो. म्हणून प्रसिद्धीचा आकार पिकाच्या आकाराला धरून असावा, असं मी म्हणतो तेव्हा त्यात महत्त्वाकांक्षेचा अपमान नाही. ज्या बागेचं नाव विकायचं आहे, ते नाव शाबूत राहावं, एवढाच त्यामागचा विचार आहे.

आणखी एक कारण आहे ते मालकीचं. सोशल मीडियावर जमवलेली माणसं आपली नसतात. फेसबुकने जानेवारी २०१८मध्ये लोकांच्या पानावर कुटुंबीय आणि मित्रांच्या मजकुराला प्राधान्य द्यायचं ठरवलं, तेव्हा उद्योगांच्या पानांवरचा मजकूर आपोआप मागे पडला. आपल्याच पानाला ‘लाइक’ केलेल्यांना दिसण्यासाठी पैसे भरायची पाळी आली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं, आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी जणांनी तिथे मेहनतीने उभा केलेला प्रेक्षक एका आदेशासरशी नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप काही तास एकदमच बंद पडली होती. बंदी योग्य होती की नाही, हा इथला प्रश्न नाही. छोट्या धंद्याने यातून एवढंच घ्यावं की गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, पत्ता, त्याने काय घेतलं आणि काय कुरकुर केली, हे सगळं आपल्या वहीत, आपल्या हाताने लिहिलेलं असलं पाहिजे. माझ्या पाहण्यात ऑनलाइन प्रसिद्धीतली सर्वात दुर्लक्षित वस्तू हीच वही आहे. फोटोला फिल्टर कोणता लावावा, यावर तासभर चर्चा होते. गेल्या वर्षी कुणाला साका लागलेली फळं गेली, त्याची नोंद कुणाकडेच नसते.

दुसरी पेटी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला मजकूर वेगळा दिसतो, तो कसा ते जवळून पाहण्यासारखं आहे. नेहमीची पोस्ट अशी असते: सोनेरी आंब्याचा, बहुतेक कुठून तरी उचललेला फोटो, वर ‘फळांचा राजा आला’, खाली ‘बुकिंगसाठी संपर्क’. दुसऱ्या पेटीचा विचार करणारा माणूस हिरव्याच फळाचा फोटो टाकतो, देठासकट, वजनकाट्यावर ठेवलेला, काट्यावरचा आकडा दिसेल असा. आणि लिहितो साधारण असं: ‘नमस्कार. पहिली काढणी मंगळवारी. पाच डझनांची पेटी, फळ २२० ते २५० ग्रॅम. गुरुवारी सकाळी पुण्यात पोचेल. फळ हिरवं असेल, आठ दिवसांनी खाण्याजोगं होईल. पेटी आली की उघडा, फळं पेंढ्यात एका थरात मांडा, फ्रिजमध्ये ठेवू नका. साल किंचित सुरकुतली आणि वास सुटला की कापा. साका निघाला तर फळ टाकण्याआधी कापलेल्या फोडीचा फोटो पाठवा. आजचा दर अमुक. अक्षय्य तृतीयेनंतर माल वाढला की दर उतरेल. घाई नसेल तर थांबलात तरी चालेल.’ या मजकुरात स्तुतीचं एकही विशेषण नाही, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पुढच्या दहा दिवसांत खरी-खोटी करून पाहता येते, आणि त्याची ताकद त्यातच आहे. फळ खरंच २२० ग्रॅमचं निघालं, खरंच आठव्या दिवशी पिकलं, तर वाचणाऱ्याने नकळत या माणसाची परीक्षा घेतलेली असते आणि माणूस तीत उतरलेला असतो. न पिकलेलं फळ कापून ‘आंबट निघाला’ म्हणणाऱ्या तक्रारीही अशा चार ओळींनी निम्म्यावर येतात, कारण त्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा फळात नसून न दिलेल्या माहितीत असतं.

शेवटच्या ओळीवर बागायतदार अडतात. दर उतरणार आहे, असं आपणच सांगितलं तर आजची विक्री बुडणार नाही का? काही बुडते, हे खरं आहे. पण हापूसचा भाव फेब्रुवारी-मार्चमध्ये चढा असतो आणि मे महिन्यात खाली येतो, हे गिऱ्हाइकाला आज ना उद्या कळणारच असतं. वाशीच्या बाजारातल्या आवकेची बातमी वर्तमानपत्रात रोज छापून येते. मार्चअखेरीस चढ्या भावाने घेतलेली पेटी मे महिन्यात निम्म्या दराने मिळताना दिसली, की त्याला आपण फसलो असं वाटतं, जरी कुणी फसवलेलं नसलं तरी. आधीच सांगितलेलं असलं, तर तो हौसेने लवकर घेतो किंवा समजून उमजून थांबतो. दोन्ही परिस्थितींत तो यादीत राहतो.

साक्याची तक्रार हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो. संध्याकाळी मेसेज येतो. कापलेल्या आंब्याचा फोटो, मध्ये पांढरट पट्टा, खाली एकच वाक्य: ‘हे काय पाठवलंत?’ या क्षणी विक्रेत्याचा पहिला उद्गार असतो की हे निसर्गाचं आहे, आमच्या हातात नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे आणि व्यवहाराच्या दृष्टीने अपुरं आहे. गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे दिलेत. निसर्गाचा सगळा भार त्याच्याच ताटात का पडावा? चांगलं उत्तर असं असतं: ‘काकू, हा साका आहे, दिसतोय. किती फळांत निघाला ते सगळी संपल्यावर कळवा, तेवढी पुढच्या पेटीत घालतो किंवा पैसे परत करतो.’ आणि त्याप्रमाणे खरंच करायचं. फुकट माल उकळणारे लोक निघतील, अशी भीती यावर सांगतात. निघतात, पण थोडे. आणि वही नीट ठेवलेली असेल तर ते दुसऱ्या वर्षी ओळखूही येतात. सगळ्या गिऱ्हाइकांना चोर समजून वागण्याचा खर्च त्याहून कितीतरी जास्त असतो. बदलून दिलेली फळं हा नुकसानीचा रकाना न मानता जाहिरातीचा रकाना मानावा, असं मी आग्रहाने सांगतो. कारण ‘साका निघाला होता, पण त्यांनी लगेच बदलून दिला’ हे वाक्य त्या घरातून गृहसंकुलाच्या ग्रुपवर जातं. असं वाक्य विकत मिळत नाही, आणि मिळवूही नये. विक्रेत्याने स्वतःच गिऱ्हाईक बनून आपल्या मालाची स्तुती लिहिणं ई-व्यापारासंबंधीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनी निषिद्धच ठरवलं आहे. बनावट पसंतीचा बाजार मोठा आहे, पण अडीचशे घरांच्या धंद्यात तो उपयोगाचाही नाही. तिथे वाचणारे एकमेकांना ओळखतात.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. दुसरी पेटी ठीक, पण ज्याचं यंदा पहिलंच वर्ष आहे, ज्याची यादी कोरी आहे, त्याने काय करायचं? पहिल्या विक्रीवाचून दुसरी होत नाही, हे उघड आहे. इथे मी जाहिरातीला नको म्हणत नाही. ती कुठे करावी, याबद्दल माझं म्हणणं आहे. २०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे थेट विक्रीची कायदेशीर वाट मोकळी झाली होती. ती वाट सर्रास वापरात आली २०२०च्या टाळेबंदीत. ऐन हंगामात बाजार विस्कळीत झाले, गाड्या अडल्या, आणि बागायतदारांनी मुंबई-पुण्यातल्या गृहसंकुलांना थेट माल पोचवायला सुरुवात केली. त्यात चाललं काय, ते लक्षात घेण्यासारखं आहे. एका संकुलात एक ओळखीचं कुटुंब, त्या कुटुंबाच्या शब्दावर दहा घरं, दहा घरांच्या पेट्या एकाच गाडीत. वाहतूक स्वस्त पडली, पेट्या आपटल्या गेल्या नाहीत, आणि तक्रार आली तर ती एकाच जागी आली. नव्या माणसाने आजही तिथूनच सुरुवात करावी. गावातून शहरात गेलेले चाकरमानी, शाळेतले मित्र, बहिणीचं सासर. पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल, तर ज्या दोन-तीन उपनगरांत आपली गाडी जाते तेवढ्यांपुरतीच करावी; ही सोय त्या जाहिरातींमध्ये असते आणि ती क्वचितच वापरली जाते. आणि पहिल्या वर्षी आपल्या पिकातला थोडाच भाग थेट विकायला काढावा. बाकीचा दलालाकडे जाऊ द्यावा. दलालाला खलनायक ठरवणारी जाहिरात मला पटत नाही. पडेल भावाने का होईना, सगळा माल एका रात्रीत उचलणारा तोच असतो, आणि कोऱ्या यादीच्या वर्षी त्याचा आधार लागतो.

विकत घेऊन गेलेल्या माणसाशी बोलणं चालू ठेवणं ही काही इंटरनेटने लावलेली युक्ती नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि नांगर खपायला फार वेळ लागला. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणारं ते छोटं प्रकाशन शं. वा. किर्लोस्करांच्या हाताखाली वाढत जाऊन मराठीतलं एक प्रमुख मासिक झालं. त्या काळात नांगराचं चित्र छापून वर्तमानपत्रात जाहिरात देणं शक्य होतंच आणि ते केलंही जात होतं. तरीही आपलं स्वतःचं, नियमित निघणारं, वाचणाऱ्याला उपयोगी पडणारं पत्र हवं, असं त्या कारखान्याला वाटलं, यात मोठी समज आहे. आंबा बागायतदाराने मासिक काढावं, असं मी सुचवत नाही. पण जून ते फेब्रुवारी हे नऊ महिने यादीला एक शब्दही न कळवता मार्चमध्ये एकदम ‘बुकिंग सुरू’ म्हणणारा माणूस दर वर्षी नव्याने अनोळखी होतो. पावसाळ्यानंतर बागेची साफसफाई, नोव्हेंबरातली थंडी, मोहोराचा पहिला फोटो, तुडतुड्यांची फवारणी कधी आणि कशाने केली, फळ वाटाण्याएवढं झालं. हंगामाआधी असे चार-पाच मेसेज पुरतात. रोजच्या सुप्रभातची गरज नाही. उलट रोज मेसेज पाठवणाऱ्याला लोक गुपचूप म्यूट करतात, आणि मग दर कळवणारा खरा मेसेजही वाचला जात नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप असा आहे की ज्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. हे उत्तरं देण्याचं काम करायचं कुणी? हंगामात बागायतदार पहाटेपासून बागेत असतो. काढणी, निवड, पेटी भरणं, गाडी गाठणं. रात्री फोन हातात घेतो तेव्हा मेसेज साठलेले असतात: गाडी कुठे पोचली, पैसे आले का, एक डझन मिळेल का, पत्ता बदला. प्रत्यक्षात हे काम घरातली सून, कॉलेजातली मुलगी किंवा शहरात नोकरी करणारा मुलगा आपल्या वेळातून करतो, आणि त्याची मजुरी कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. थेट विक्रीत आडत, हमाली, तोलाई वाचते असं सांगितलं जातं आणि ते खरं आहे. पण त्या जागी चांगलं खोकं, स्वतंत्र वाहतूक, बदलून द्यायची फळं आणि रोजचे चार तास येतात. हे तास दरात धरलेच पाहिजेत. ‘थेट बागेतून, म्हणून स्वस्त’ ही जाहिरात मला म्हणूनच घातक वाटते. ती गिऱ्हाइकाला चुकीची अपेक्षा शिकवते आणि घरातल्या कुणाचं तरी काम फुकटात धरते. थेट विकलेली पेटी बाजारातल्या चांगल्या पेटीएवढ्याच किमतीची असावी. फरक एवढाच की ती कुणी पिकवली हे माहीत असतं आणि तक्रार ऐकणारं माणूस असतं. काही गावांत तीन-चार बागायतदार मिळून उत्तरं द्यायला एक पगारी माणूस ठेवू शकतील, असं मला वाटतं. पण तिथे बागेगणिक वही वेगळी ठेवावी लागेल, नाहीतर एकाच्या साक्याचा जाब दुसऱ्याला द्यावा लागेल.

यादीची खरी परीक्षा वाईट वर्षी होते, आणि कोकणात वाईट वर्ष आता विरळ राहिलेलं नाही. जून २०२०च्या निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या बागाच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१च्या मध्यावर, झाडांवर फळ असताना तौक्ते आलं. अवकाळी पाऊस, लांबलेली थंडी, करपलेला मोहोर हे तर नित्याचं झालं आहे. अशा वर्षी जाहिरातीवर चालणारा धंदा जाहिरात बंद करतो किंवा बाहेरून माल आणतो. यादीवर चालणाऱ्याला तिसरी वाट असते, आणि ती साध्या मेसेजमधून जाते: ‘यंदा पीक चार आणे आहे. गेल्या वर्षी ज्यांनी दोन पेट्या घेतल्या, त्यांना एक देऊ शकतो; तुमची राखून ठेवली आहे. दर गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे, नको असेल तर मोकळेपणाने कळवा. आणखी हवी असेल तर शेजारच्या बागेतली मिळेल. फळ चांगलं आहे, पण बाग आमची नाही; खोक्यावर त्यांचंच नाव असेल आणि तक्रार त्यांच्याकडे करावी लागेल, नंबर देतो.’ शेजाऱ्याचं नाव खोक्यावर छापायला बागायतदार कचरतात, कारण गिऱ्हाईक तिकडे जाईल असं त्यांना वाटतं. काही जातही असेल. पण जो माणूस तुटीच्या वर्षी कोणतं खोकं कुणाचं हे सांगतो, त्याचं स्वतःच्या नावाचं खोकं भरल्या वर्षी न विचारता घेतलं जातं, आणि मार्चमध्ये त्याला नव्याने कुणालाही पटवत बसावं लागत नाही.